चाळीस टक्क्यांच्या अलीकडची मुले

परीक्षेचा निकाल हा आपल्याकडे बुद्धीचा अखेरचा निवाडा समजला जातो. विद्यापीठाच्या निकालपत्रकात एखाद्या नावापुढे 'अनुत्तीर्ण' हा शब्द पडला, की तो विद्यार्थी आळशी असला पाहिजे, मंद असला पाहिजे, किंवा त्याच्या घरी शिक्षणाचे वातावरण नसले पाहिजे, या तीन कारणांच्या पलीकडे शोध घेण्याची गरज प्राध्यापकाला वाटत नाही, पालकाला वाटत नाही आणि सामाजिक कार्यकर्त्यालाही सहसा वाटत नाही. यांपैकी तिसऱ्या कारणाचा पाठपुरावा समाजवादी चळवळीने निष्ठेने केला. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, राखीव जागा, फीमाफी यांसाठी मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले आणि त्यांतून पुष्कळ काही पदरात पडले. तथापि एक चौथे कारण असते आणि ते श्रीमंताच्या घरी असते तसेच शेतमजुराच्या घरीही असते. त्याची दखल चळवळीने अद्याप घेतलेली नाही.

काही माणसांच्या मेंदूची घडणच निराळी असते. ती बुद्धीने कमी नसतात. परंतु वाचणे, लिहिणे, आकडेमोड करणे, एका जागी चित्त ठेवणे, वेळेचा अंदाज बांधणे, समोरच्याच्या बोलण्यातला न बोललेला भाग ओळखणे, यांपैकी एखादी गोष्ट इतरांना सहज साधते ती त्यांना साधत नाही. वाचन-अक्षमतेचे वर्णन ब्रिटिश वैद्यकांनी 1896 मध्येच करून ठेवले होते. स्वमग्नतेचे वर्णन लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये केले. अवधान टिकवता न येणे आणि अतिचंचलता या स्थितीची ओळख पटण्यास आणखी काही दशके लागली. या सर्वांना 'विकार' न म्हणता मनुष्यजातीतील स्वाभाविक वैविध्य म्हणावे, असा विचार 1990 च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका येथे पुढे आला आणि 'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द रूढ झाला. मराठीत त्याला अजून सर्वमान्य प्रतिशब्द नाही. प्रतिशब्दावाचून काही अडत नाही. अडते ते या मुलांचे, कारण त्यांच्यासाठी रूढ असलेले मराठी शब्द 'ढ', 'वेंधळा', 'आळशी' आणि 'अर्धवट' हे आहेत.

वर्धा जिल्ह्यात पुलगाव-आर्वी रस्त्यावर रोहणा हे गाव आहे. एके काळी पुलगावहून आर्वीला जाणारी अरुंद रुळांची रेल्वे या गावावरून जात असे. ती बंद पडून बरीच वर्षे लोटली. आता पदवीच्या शिक्षणासाठी इथली मुले एसटीने आर्वी, पुलगाव किंवा वर्ध्याची वाट धरतात. या मुलांमधला एखादा विद्यार्थी कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. तोंडी प्रश्नांना तो नेमकी उत्तरे देतो. बैलजोडीचा, मोटरपंपाचा, बाजारभावाचा हिशेब त्याला मुखोद्गत आहे. वर्गात प्राध्यापकांनी सांगितलेले त्याला समजते. परंतु पाठ्यपुस्तकाचे एक पान वाचण्यास त्याला इतरांच्या तिप्पट वेळ लागतो, उत्तरपत्रिकेत अक्षरे जागा बदलतात आणि तीन तासांच्या पेपरात पाचांपैकी तीनच प्रश्न लिहून होतात. अकरावी-बारावीपर्यंत तो रेटून आला, कारण शाळेने वेळापत्रक आखून दिले होते, घंटा वाजत होती, गुरुजी नावाने ओळखत होते. महाविद्यालयात यांपैकी काहीही नसते. तिथे अमुक तारखेस प्रकल्प द्यायचा, तमुक तारखेस अंतर्गत चाचणी, परीक्षा-अर्जाची मुदत सूचनाफलकावर लागते आणि विलंबशुल्कासह मुदत केव्हा संपते ते मित्राकडून कळते. त्यातून हिवाळी परीक्षा आणि कापसाची वेचणी एकाच हंगामात येतात. दुसऱ्या सत्राअखेर त्याचे चार विषय मागे राहतात, तिसऱ्या सत्रात तो येणे कमी करतो आणि चौथ्या सत्रात हजेरीपटावरून त्याचे नाव जाते. त्याच्या जागी मुलगी असेल तर तिसरे सत्र बहुधा येतच नाही; शिक्षणात 'डोके चालत नाही' असे ठरले, की स्थळे पाहण्यास कोणी अडवत नाही.

या कहाणीत कोणी दुष्ट नाही, हीच तिची अडचण आहे. दुष्ट माणूस सापडला असता तर त्याच्याविरुद्ध निवेदन देता आले असते.

मराठी लिपीबद्दल इथे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण वाचन-अक्षमता हे इंग्रजी माध्यमातील शहरी मुलांचे दुखणे आहे, असा समज आपल्या कार्यकर्त्यांतही आढळतो. इंग्रजीत उच्चार आणि लेखन यांचा मेळ नाही, त्यामुळे तिथे हा दोष चटकन उघडा पडतो, हे खरे. देवनागरीत बोलतो तसे बरेचसे लिहितो. त्यामुळे मराठी शाळेतले असे मूल सावकाश का होईना, पण वाचायला शिकते, आणि त्याची अडचण झाकून राहते. परंतु देवनागरीच्या स्वतःच्या खोड्या आहेत. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लेखनात त्याच्या आधी. 'र' हे एकच अक्षर 'सूर्य'मध्ये डोक्यावर बसते, 'प्रकाश'मध्ये पायाशी येते, 'राष्ट्र'मध्ये तिसरेच रूप घेते आणि 'वाऱ्यावर' म्हणताना चौथे. जोडाक्षरात कोणते अक्षर अर्धे झाले ते नजरेने टिपावे लागते. ज्याच्या मेंदूला आकृती आणि ध्वनी यांची सांगड घालण्यास अधिक श्रम पडतात, त्याच्या वहीत या सर्व ठिकाणी चुका होतात. मराठी शिक्षक तिला 'अशुद्धलेखन' म्हणतो, दहा वेळा लिहून आणण्याची शिक्षा देतो आणि प्रकरण मिटवतो. पुढे हाच विद्यार्थी वाणिज्य किंवा विज्ञान शाखेला जातो, पुस्तके एकदम इंग्रजीत येतात, आणि इतकी वर्षे झाकलेली अडचण एका सत्रात फुटून बाहेर पडते. इंग्रजीच्या वर्चस्वाविरुद्ध राममनोहर लोहिया यांनी जे सांगितले, त्याचा हा एक पैलू फारसा कोणी ध्यानात घेतलेला नाही. परभाषेतून शिकण्याचे ओझे सर्वांनाच वाहावे लागते. या मुलांना ते दुप्पट पडते.

हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांतील वाचन-अक्षमता ओळखण्याचे जे साधन तयार केले, त्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजी यांच्याबरोबर मराठीही आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ते साधन प्राथमिक शाळेतील मुलांसाठी आहे. वीस वर्षांच्या तरुणाला त्याचा उपयोग नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत देशात पहिले पाऊल टाकले होते. 1996 पासून राज्य शासनाने अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, दुसऱ्या भाषेऐवजी अन्य विषय अशा सवलती देण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या महापालिका रुग्णालयांत तपासणीचे केंद्र चालू झाले. सवलती मुंबईत सुरू झाल्या, मुंबईच्या सुशिक्षित पालकांनी त्या मिळवल्या, आणि म्हणून मुंबईबाहेर त्या 'श्रीमंतांची पळवाट' या नावाने ओळखल्या गेल्या. या टीकेत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. ज्याला मानसशास्त्रज्ञाची फी परवडते त्याच्या मुलाला निदान मिळते, ज्याला परवडत नाही त्याच्या मुलाला छडी मिळते. दलित, आदिवासी किंवा भटक्या जमातीतील मुलाच्या बाबतीत तर अन्याय दुहेरी असतो. त्याची वाचनातली अडचण ही त्याच्या जातीची म्हणून खपवली जाते, आणि ती तपासून पाहावी असे कोणाच्या मनात येत नाही. परंतु एखादी सवलत वरच्या थरात अडकून पडली आहे, म्हणून ती खोटी ठरवावयाची, हे तर्कशास्त्र आपण अन्य कोणत्या प्रश्नाला लावतो? विहिरीवर एकाच वस्तीचा ताबा असेल तर विहीर बुजवा, असे कोणी म्हणाले नव्हते. ती खुली करा, असे म्हटले होते.

कायदा मात्र बराच पुढे गेला आहे. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. त्यांत अध्ययन-अक्षमता नव्हती, स्वमग्नताही नव्हती. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले आणि या दोहोंचा समावेश झाला. अवधान-अस्थिरता व अतिचंचलता या यादीत आजही नाही. या कायद्याच्या कलम 32 नुसार शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव ठेवावयाच्या आहेत. या जागा ज्यांचे अपंगत्व चाळीस टक्के किंवा अधिक ठरले आहे त्यांच्यासाठी. चाळीस टक्के हा आकडा इथे आला आणि महाविद्यालयांच्या कार्यालयांनी तो सर्वच बाबतींत लागू करून टाकला. प्रमाणपत्र आहे का? किती टक्के? चाळीस नाहीत? मग काही करता येणार नाही. खिडकीवरचे संभाषण इथे संपते.

वस्तुतः कायदा असे म्हणत नाही. अपंग व्यक्तीची कायद्यातील व्याख्या टक्केवारीवर आधारलेली नाही. दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची उणीव आणि समाजातील अडथळे यांच्या संयोगातून ज्याच्या पूर्ण सहभागाला बाधा येते, ती अपंग व्यक्ती. 'वाजवी सोय' मिळण्याचा तिचा हक्क टक्क्यांनी मोजलेला नाही. 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकाश कुमार यांच्या खटल्यात हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या या उमेदवाराचे अपंगत्व वैद्यकीय मंडळाने केवळ सहा टक्के ठरवले होते आणि लोकसेवा आयोगाने त्याला लेखनिक नाकारला होता. चाळीस टक्क्यांची अट राखीव जागांसाठी आहे, सोयीसुविधा नाकारण्यासाठी नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या एका प्रकरणात निर्णय झाला. त्यातील विद्यार्थिनीला लेखन-अक्षमता होती. तिला तासाभराचा जादा वेळ कायद्याने देय होता. परीक्षा केंद्रावरील लोकांना त्याची माहितीच नव्हती आणि तिची उत्तरपत्रिका वेळेवर काढून घेण्यात आली. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेची चूक न्यायालयाने मान्य केली, परंतु फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही. हक्क कागदावर असणे आणि केंद्रप्रमुखाला तो ठाऊक असणे, यांतील अंतर या एका प्रकरणातून मोजता येते. 2022 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने चाळीस टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्या, परंतु लिहिण्यास अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठीही लेखनिक आणि जादा वेळेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ही तत्त्वे तालुक्याच्या ठिकाणच्या किती परीक्षा विभागांच्या फायलीत सापडतील, हा प्रश्न स्थानिक कार्यकर्त्यांनी एकदा जाऊन विचारण्यासारखा आहे.

परंतु जादा वेळ आणि लेखनिक यांनी परीक्षेचे तीन तास सुधारतात. वर्षाचे उरलेले दिवस सुधारत नाहीत. या विद्यार्थ्यांचे खरे हाल त्या उरलेल्या दिवसांत होतात. काम कुठून सुरू करावे हे न समजणे, सुरू केलेले मध्येच सोडून दुसऱ्यात गुंतणे, तीन दिवसांचे काम एका रात्रीचे समजणे, एका वाईट चाचणीनंतर पुढच्या सर्व चाचण्यांकडे पाठ फिरवणे, प्राध्यापकाकडे जाऊन शंका विचारण्यास लागणारे धैर्य गोळा न होणे, ही त्यांची दैनंदिन अवस्था असते. स्वमग्न विद्यार्थ्याचे आणखी निराळे. परीक्षेची तारीख आदल्या दिवशी बदलली तर इतर विद्यार्थी सुटी मिळाली म्हणून आनंदतात; त्याच्या मात्र आठवडाभर उभारलेल्या सर्व तयारीचा पाया सरकतो. परीक्षा पुढे ढकलण्याची सवय जडलेल्या आपल्या विद्यापीठांना हे कोणी समजावून सांगितलेले नाही.

यावर जगात जो उपाय उपयोगी ठरला आहे तो अगदी साधा आहे. विद्यार्थ्यामागे एक ठरलेले माणूस असावे. ब्रिटनमध्ये अपंग विद्यार्थ्यांसाठी असलेल्या भत्त्यातून अशा मार्गदर्शकाचे मानधन सार्वजनिक निधीतून दिले जाते. हा मार्गदर्शक विषय शिकवत नाही, नोट्स देत नाही, शिकवणी घेत नाही. तो डॉक्टरही नसतो आणि मानसोपचारही करत नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी तो विद्यार्थ्यासमवेत तासभर बसतो. गेल्या आठवड्यात काय ठरले होते, त्यांपैकी काय झाले, जे झाले नाही ते का झाले नाही, हे दोघे मिळून पाहतात. मग पुढच्या आठवड्याची कामे कागदावर येतात. 'अर्थशास्त्राचा अभ्यास' असे तिथे लिहायचे नसते. 'मंगळवारी एसटीतून उतरल्यावर ग्रंथालयात अर्धा तास, मागणीच्या लवचीकतेवरची दोन पाने, एक आकृती' असे लिहायचे असते. मोठे काम फोडून लहान करणे, प्रत्येक लहान कामाला जागा आणि वेळ नेमून देणे, त्याला खरोखर किती वेळ लागला याची नोंद ठेवून पुढचा अंदाज सुधारणे, ही या कामाची तीन-चतुर्थांश बाजू झाली. उरलेल्या भागात प्राध्यापकाकडे मुदतवाढ कशी मागावी, लेखनिकासाठी अर्ज केव्हा करावा, मोबाइलवर पुस्तक मोठ्याने वाचून घेण्याची सोय कशी वापरावी, वाईट गेलेल्या पेपरनंतर दुसऱ्या दिवशी वर्गात कसे जावे, या गोष्टी येतात. यांत गूढ काही नाही. थोडेसे प्रशिक्षण, पुष्कळ चिकाटी आणि विद्यार्थ्याबद्दल आदर एवढे भांडवल पुरते. मात्र एक पथ्य कडक आहे. हा मार्गदर्शक मुकादम नव्हे. विद्यार्थ्याने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीवाचून घरी, कार्यालयात किंवा मित्रांत जाता कामा नये; गावात एकदा 'डोक्याचा इलाज चालू आहे' असा बोभाटा झाला, की त्या मुलाचे शिक्षण आणि लग्न दोन्ही संकटात येतात.

आपल्या महाविद्यालयांत अशी योजना नाही असे मात्र म्हणता येत नाही. ती आहे. राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेच्या निकषांत मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांचे प्रमाण विचारले जाते, आणि म्हणून बहुतेक महाविद्यालयांत मेंटॉर-मेंटी रजिस्टर नावाची एक वही असते. परिषदेचे पथक येण्याच्या आधीच्या महिन्यात या वह्यांवर किती शाई खर्च होते, हा संशोधनाचा विषय होऊ शकेल. पुष्कळ ठिकाणी आपला मेंटॉर कोण हे विद्यार्थ्याला ठाऊक नसते आणि मेंटॉरला त्याचे विद्यार्थी चेहऱ्याने ओळखता येत नाहीत.

याबद्दल प्राध्यापकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे ठरेल. प्रश्नाचे मूळ नोकरीच्या स्वरूपात आहे. महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांत पूर्णवेळ पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवली गेली आणि अध्यापनाचे ओझे तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर टाकले गेले. या शिक्षकाला प्रत्यक्ष घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. वर्गाबाहेर विद्यार्थ्यासमवेत बसलेल्या तासाचे मिळत नाहीत. सुटीत त्याचे उत्पन्न थांबते, आणि पुढच्या वर्षी तो त्याच महाविद्यालयात असेल की नाही हे त्याला सांगता येत नाही. मार्गदर्शनाचा आत्मा सातत्यात आहे. ज्या शिक्षकाच्या स्वतःच्या आयुष्यात सातत्य नाही, त्याने ते विद्यार्थ्याला कुठून द्यावे? पदभरतीची मागणी ही केवळ बेकार पदवीधरांची मागणी समजली जाते. रोहण्याहून येणाऱ्या त्या विद्यार्थ्याचे पास-नापास होणे तिच्यावर अवलंबून आहे, ही बाजू शिक्षक संघटनांनीही पुरेशी मांडलेली नाही.

आता खर्चाचा मुद्दा. 'आधीच पैसा नाही, त्यात हे कुठून?' असा आक्षेप येणारच. अमर्त्य सेन यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द आयडिया ऑफ जस्टिस' या ग्रंथात अपंगत्वाच्या संदर्भात दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. एक, अपंग व्यक्तीची मिळकत कमी असते. दोन, मिळालेल्या पैशाचे चांगल्या जगण्यात रूपांतर करण्यासाठी तिला इतरांहून अधिक खर्च येतो. विबके कुक्लिस यांच्या ब्रिटनविषयक अभ्यासाचा त्यांनी आधार घेतला आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांत राहणाऱ्यांचे प्रमाण तिथे एकंदरीत 17.9 टक्के होते. अपंग सदस्य असलेल्या कुटुंबांत ते 23.1 टक्के निघाले; आणि रूपांतराची अडचण हिशेबात घेताच ते 47.4 टक्क्यांवर गेले. दुसरी अडचण पहिलीहून कितीतरी भारी आहे, हा त्याचा अर्थ. हेच शिक्षणाला लावून पाहावे. सर्व विद्यार्थ्यांना तीच फीमाफी, तीच शिष्यवृत्ती, तोच वर्ग आणि तेच पुस्तक दिले, म्हणजे समता झाली असे आपण समजतो. परंतु त्या पुस्तकाचे ज्ञानात रूपांतर करण्यासाठी ज्याला तिप्पट वेळ लागतो, त्याच्या हाती समान साधनातून समान फळ येत नाही. लोहियांचा विशेष संधीचा सिद्धांत जातींच्या संदर्भात मांडला गेला, परंतु त्याचा गाभा हाच होता: विषम स्थितीतल्यांना सारखे वागवले तर विषमता टिकते. शिवाय सरकार या विद्यार्थ्यावर आजही खर्च करतच आहे. बारा वर्षांची शाळा, दोन वर्षांची शिष्यवृत्ती, एसटीचा सवलतीचा पास, हे सारे तो तिसऱ्या सत्रात घरी बसला की वाया जाते. आठवड्याच्या एका तासाच्या मानधनाची तुलना या बुडीत खर्चाशी करावयास हवी.

मोजणीचा प्रश्न याहून बिकट आहे. 2011 च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ रकाने होते. त्यांत अध्ययन-अक्षमतेसाठी रकाना नव्हता आणि स्वमग्नतेसाठीही नव्हता. जे मोजले जात नाही त्याच्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद होत नाही, आणि तरतूद नसल्यामुळे तपासणी होत नाही, म्हणून पुन्हा मोजले जात नाही. निदानाची व्यवस्था खेड्यापासून दूर आहे. अध्ययन-अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारने 2018 मध्ये ठरवून दिलेल्या पद्धतीत वयाच्या आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी तपासणी अपेक्षित होती. ज्याची आठव्या वर्षी झाली नाही, तो अठराव्या वर्षी रुग्णालयाच्या मंडळापुढे उभा राहतो तेव्हा 'इतकी वर्षे कुठे होतास?' हा पहिला प्रश्न त्याला ऐकावा लागतो. म्हणूनच मार्गदर्शनाची सोय प्रमाणपत्राशी जखडून ठेवणे चूक आहे. ज्याला अडचण आहे त्याने सांगावे आणि त्याला मार्गदर्शक मिळावा. न लागणारा माणूस दर आठवड्याला तासभर अभ्यासाचा हिशेब देण्यास येत बसणार नाही. तेव्हा गैरफायद्याची भीती निदान इथे तरी अवास्तव आहे.

ज्या जिल्ह्याबद्दल हे लिहिले जात आहे त्याला शिक्षणविचाराचा मोठा वारसा आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि पुढे सेवाग्रामात आर्यनायकम् दांपत्याने नई तालीमचा प्रयोग चालवला. हाताने करत करत शिकणे, पाठांतरापेक्षा कृतीवरून पारख करणे, हे त्या प्रयोगाचे सूत्र अशा मुलांना किती मानवले असते, याची कल्पना करता येते. मात्र त्याचा एक विपर्यास टाळला पाहिजे. 'याला पुस्तक जमत नाही ना, मग सुतारकाम शिकवा' हा सल्ला नई तालीमचा नव्हे. ती जातिव्यवस्थेची जुनीच वाटणी आहे. नई तालीममध्ये चरखा सर्वांच्या हाती होता आणि गणितही सर्वांच्या वाट्याला होते.

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, आणि विद्यार्थ्यांच्या लहान गटांना, विशेषतः परीक्षेच्या आणि संक्रमणाच्या काळात, स्वतंत्र मार्गदर्शक द्यावेत, असे सांगितले आहे. त्या निर्णयाच्या मुळाशी एका विद्यार्थिनीचा मृत्यू होता. नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रातील महाविद्यालयांनी हे केले काय, याची विचारणा करण्यासाठी विशेष अभ्यासाची आवश्यकता नाही. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज पुरेसा आहे.

पक्षाच्या आणि युवक संघटनांच्या कार्यकर्त्यांपुढे दोन कामे स्पष्ट दिसतात. पहिले, 'कमवा आणि शिका' योजनेत सहाध्यायी मार्गदर्शकाचे काम समाविष्ट करून घेणे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या परंपरेतून आलेली ही योजना आज बहुतेक ठिकाणी बागेला पाणी घालणे आणि ग्रंथालयाची पुस्तके पुसणे इतपत उरली आहे. वरच्या वर्गातील गरजू विद्यार्थ्याने खालच्या वर्गातील अशा एका विद्यार्थ्यास आठवड्यातून दोन तास द्यावेत, त्याचे मानधन या योजनेतून मिळावे आणि महाविद्यालयातील एका पूर्णवेळ प्राध्यापकाने दोघांवर लक्ष ठेवावे. विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळाला हे करण्यास नव्या कायद्याची गरज नाही. अधिसभेच्या पदवीधर मतदारसंघातून जे सदस्य निवडून जातात, त्यांनी अर्थसंकल्पाच्या बैठकीत यासाठी स्वतंत्र शीर्षाचा आग्रह धरावा, आणि मार्गदर्शनाच्या तासाला तासिका तत्त्वावरील अध्यापनाच्या तासाइतकाच दर मागावा.

दुसरे काम गावातले आहे. रोहण्यासारख्या गावात दहावी-बारावी होऊन महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींची यादी जून महिन्यात कोणाही कार्यकर्त्याला एका संध्याकाळी करता येते. डिसेंबरात ती पुन्हा काढावी आणि कोण येईनासे झाले ते पाहावे. त्याच्या घरी जाताना फीचा आणि पासाचा प्रश्न विचारावाच, पण वाचताना काय होते, पेपर अपुरा का राहतो, अभ्यासाला बसल्यावर काय घडते, हेही विचारावे. पुष्कळ मुलांना हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नसतो, आणि त्यांचे उत्तर आई-वडिलांनाही प्रथमच ऐकायला मिळते. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपण्याआधी ही भेट झाली, तर त्या सत्राचा उपयोग अजून करता येतो. लेखनिकाचा आणि जादा वेळेचा अर्ज त्याच वेळी महाविद्यालयात द्यावा लागतो, आणि त्याची पोच मागून घ्यावी.